नाला साफ करून मिळणेबाबत

२ जानेवारी

चि. मिरचीस,

तुझ्या दादाचे आशीर्वाद. तू रागावलेली नसशील असं धरून चालतो आणि लिहायला बसतो.

मुलानं मला दुर्बीण दिली आहे. पुस्तकं बांधून बांधून माझे डोळे वीतभर अंतरापुरते उरले होते. टाका, दोरा, पुठ्ठा, डिंक, यापलीकडे जग आहे हे विसरलोच होतो म्हण ना. आता रोज सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून पाणथळावर फिरायला जातो. शहराच्या कडेला नवीन केलं आहे. केलं म्हणजे माणसांनी मुद्दाम बनवलेलं. शहराचं मैलापाणी आधी पहिल्या तळ्यात सोडतात. तिथे पाणकणीस आणि लव्हाळी दाटीनं लावली आहेत. त्यांची मुळं घाण खातात. मग पाणी हळूहळू दुसऱ्या तळ्यात जातं, तिथून तिसऱ्यात. तिसऱ्यात पोचेपर्यंत इतकं नितळ होतं की ढग त्यात तोंड बघतात. शाळेच्या पुस्तकातला धडाच वाटतो. वाईट मुलगा तीन पानांत सुधारतो ना, तसा.

बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना पाणी. टिबुकली बुडी मारते ती कुठे वर येईल याचा अंदाज मी बांधतो आणि रोज चुकतो. खंड्या, बगळे, पाणकोंबड्या, हिवाळ्यात लांबून आलेली बदकं. एक पाणकावळा आहे, तो पंख पसरून तासन् तास उभा असतो. वाऱ्यावर धोतर वाळत घातल्यासारखा. मागे ती विटांची उंच चिमणी, तुटक्या टोकाची. उन्हं तिच्या खांद्यावरून उतरतात तेव्हा लहानपणी पाठ केलेल्या सगळ्या कविता एकदम आठवतात आणि एकही पुरी आठवत नाही.

एक बातमी. इथे पाणथळ मित्रमंडळ आहे. त्याच्या अध्यक्ष एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी बाकावर बसून मोठ्यानं कविता म्हणतो हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला फाटकाजवळच्या दगडावर कोरायला चार ओळी मागितल्या आहेत. दगडावर, मिरचे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवितांना पुठ्ठे घातले, आता माझ्या चार ओळींना दगडाचा पुठ्ठा.

तू ये. लाँड्री चार दिवस बंद ठेव. लोकांना चुरगळलेले कपडे घालू देत जरा.

तुझा दादा

*

११ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. हा सवयीनं लिहिला आहे, मनापासून नाही.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, दादाला म्हातारपणी छंद लागला, बरं झालं. दुसऱ्यांदा वाचताना इस्त्री हातात होती. 'तुटक्या टोकाची उंच चिमणी' इथे आले आणि गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली. शर्ट जळला. तुझ्या नावावर मांडून ठेवलाय.

तुटक्या टोकाची चिमणी त्या शहरात एकच आहे. रंगकारखान्याची. म्हणजे तू जिथे ढगांची तोंडं बघतोस ती आपली वस्ती आहे. इतकं लांबलचक पत्र लिहिलंस, पाणकावळ्याचं धोतर लिहिलंस, आणि हे एक वाक्य तुझ्या लेखणीतून उतरलं नाही? की विसरलास?

विसरला असशील तर आठवण देते. आपल्या दारासमोरून कारखान्याचा नाला जायचा. एक दिवस निळा, एक दिवस तांबडा, एक दिवस पिवळा. आपण नाल्याकडे बघून वार सांगायचो. बाबांची नखं मरेपर्यंत निळी होती. अंगाला खाज, घरात वास, पावसात तेच रंगीत पाणी उंबऱ्याच्या आत. आईनं किती अर्ज केले? तू शाळेत जायला लागलास तेव्हापासून. तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि तू लिहायचास. आणि तिथेही तुझी कविता! एकदा नाल्याऐवजी 'सरिता' लिहून ठेवलंस. आईनं वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "ही सरिता कोण बाई? तिचं काय काम आपल्या अर्जात? नाला लिही, नाला!"

सगळ्या अर्जांना उत्तर एकच. निधी नाही. मग एक दिवस निधी आला. आधी आपल्याला उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि मग नाला साफ केला. माणसं होती तोवर साफ करता येत नव्हता. बदकं येणार म्हटल्यावर आला. बदकांना तीन-तीन तळी, आणि पाणी गाळायला लव्हाळी!

आणि तू तिथे दुर्बीण लावून फिरतोस. स्वतःच्या आईच्या चुलीवरून.

त्या चार ओळी परत घे. नाहीतर मला पत्र पाठवू नकोस.

मिरची

*

२० जानेवारी

चि. मिरचीस,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतो आहे. लहानपणी तू कट्टी म्हणायचीस आणि मी तरीही तुझ्या पाटीवर चित्रं काढायचो, तसं समज.

तू म्हणतेस ते खोटं नाही. पण राग किती वर्षं जपून ठेवायचा, सांग? तू कपड्यावरचा डाग आठवडाभर तसाच ठेवतेस का? मुरला की निघत नाही, असं तूच म्हणतेस. आज तिथे पाणी स्वच्छ आहे. टिबुकलीनं आपल्याला हाकललं नाही. पाणकोंबडीनं अर्ज फाडले नाहीत. त्यांच्यावर कशाला चिडायचं? माणसाला म्हातारपणी थोडं सुंदर बघावंसं वाटतं. आपण जिथे घाण बघितली तिथेच आता सुंदर बघायला मिळतं, हे भाग्य किती जणांना मिळतं?

चार ओळी मी देऊन टाकल्या आहेत. दगडावर कोरून झाल्या. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अनावरण आहे. मी त्या म्हणून दाखवायच्या आहेत. तुला आधी पाठवतो. रागानं वाचू नकोस. कविता रागानं वाचली की आंबते.

काही नव्हते येथे पूर्वी,
निजली होती माती केवळ;
आज जळाने उघडुन डोळे
नभास धरिले अपुल्याजवळ.

'अपुल्याजवळ' वर बाईंना फार आनंद झाला. म्हणाल्या, "आजोबा, अगदी सकारात्मक आहे हो!" मला तो शब्द दंतमंजनासारखा वाटला, पण त्या मनापासून म्हणाल्या.

अनावरणाला ये. माझ्याशेजारची खुर्ची तुझी.

तुझा दादा

*

२८ जानेवारी

दादा,

काही नव्हते?

तुझ्या चार ओळींपैकी पहिलीच गळ्याखाली उतरेना. पाणी प्यायले तरी नाही.

काही नव्हतं, तर बाबा कुठून कामावर जायचे? काही नव्हतं, तर तू आणि मी कुठल्या खिडकीत बसून पाढे म्हणायचो? आणि निजली होती माती? माती नाही, दादा. निजलो होतो आपण, चौघं, एका चटईवर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तू तिची कविता केली असतीस. आता सांगते. कर बघू आता कविता.

नव्या जागी गेल्यावर आई दुपारची नाहीशी व्हायला लागली. मी तेव्हा तिच्याजवळ राहायला आले होते, तू तुझ्या पुस्तकांत. एकदा मी तिच्या मागे मागे गेले. दोन बस बदलून ती वस्तीवर पोचली. वस्ती नव्हतीच, चहूबाजूंनी पत्रे ठोकले होते. ती दोन पत्र्यांच्या फटीला डोळा लावून उभी. आत मशीन नाल्याचा गाळ उपसत होतं. मी हाक मारली तर वळली, आणि दादा, इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. म्हणाली, "नाला साफ करताहेत गं! पोचला बघ अर्ज. दादाला सांग, अक्षर चांगलं असलं की साहेब वाचतात."

तिला वाटलं, नाला साफ झाला की आपल्याला परत बोलावतील. चौथ्या मजल्यावर तिनं कपड्यांची दोरी बांधूच दिली नाही. गुंडाळून उशाशी ठेवलेली. "परत जाताना विसरायला नको." कपडे खुर्च्यांवर वाळायचे.

मला तिला खरं सांगता आलं नाही. ती तशीच गेली, वाट बघत. दोरी माझ्याकडे आहे.

आता तू रविवारी उभा राहा आणि म्हण, काही नव्हते येथे पूर्वी. मी येणार नाही. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर पाणकावळ्याला बसव.

*

९ फेब्रुवारी

मिरचे,

पत्र वाचलं. बांधायला घेतलेलं पुस्तक उलटं शिवलं.

तुला वाटलं मी विसरलो. अगं, मी रोज जातो ते कशासाठी? तिसऱ्या तळ्याच्या काठी, फाटकाजवळच, एक बाक आहे. त्यावर बसलं की चिमणीचं तुटकं टोक आणि मागच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा एका रेषेत येतात. आपल्या उंबऱ्यावर बसलं की यायचे, अगदी तसेच. बाक म्हणजे आपलं दार आहे. पाणकावळा पंख वाळवतो ना, तिथे आईची दोरी होती. मला सगळं ठाऊक आहे. पण मला ते पाणीच बघायचं होतं, खालचं नाही. शाळेच्या पुस्तकात नदी असते, नाला नसतो. मी नाल्याकाठी बसून नदीच्या कविता पाठ केल्या आणि तीच सवय दगडावर गेली. त्या पुस्तकांवर मी आयुष्यात पहिल्यांदा चिडलोय. आणि सगळ्यात जास्त त्या फटीवर. आईला आत बघायला एवढीशी फट!

काल डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. त्या कुणाच्या तरी दाढेत वाकल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, पहिली ओळ खोटी आहे. बदलायची आहे."

"आजोबा, दगडात खोडरबर चालत नाही," त्या वर न बघता म्हणाल्या.

"इथे वस्ती होती. आमची."

"हो, माहितीये ना मला. म्हणून तर किती छान केलंय आता."

"मग तेवढं लिहा. वस्ती होती एवढंच."

तेव्हा कुठे वर बघितलं. "हे बघा, इथे लोक मोकळा श्वास घ्यायला येतात. त्यांना फाटकातच तक्रार कशाला वाचायला लावायची?"

"बाई, आम्हीही तिथे श्वासच घेत होतो. चाळीस वर्षं!"

खुर्चीतला माणूस तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून दाखवायचं नसेल तर राहू द्या. आम्ही कुणालाही सांगू. ओळी आता मंडळाच्या आहेत."

ऐकलंस? ओळी मंडळाच्या. जागा शहराची, पाणी बदकांचं, ओळी मंडळाच्या. मी बाहेर आलो. दातांवर दात घट्ट बसले होते. दात दाखवावेत तर दवाखाना त्यांचाच!

त्यांना सांगून आलो, मीच म्हणणार. दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही.

दादा

*

१५ फेब्रुवारी

दादा,

रागावलास. बाबा गेले तेव्हासुद्धा तू नुसता खिडकीबाहेर बघत होतास. वाचून बरं वाटलं.

पण मला तू माहीत आहेस. रविवारी हार घालतील, शाल देतील, बाई गोड हसतील, आणि तुझा राग साखरेसारखा विरघळेल. तू चाल लावून त्या चार ओळी म्हणशील, शेवटची दोनदा. मग घरी येऊन मला आठ पानी पत्र लिहिशील की ढग कसे सुंदर होते.

तसं केलंस तर ढगांनाच लिही. मला नको.

मिरची

*

२७ फेब्रुवारी

चि. मिरचीस,

ढग होते, पण मी बघितले नाहीत.

काल शंभरेक माणसं जमली होती. गळ्यांत दुर्बिणी, डोक्यांवर टोप्या. दगडावर निळं कापड. निळंच! बाबांच्या नखांच्या रंगाचं. बाईंनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, मला हार घातला. शालही दिली, तू म्हणालीस तशीच. माइक हातात दिला. म्हणाल्या, "आता आपले आजोबा आपल्याला त्यांच्या सुंदर ओळी ऐकवतील."

मग मी म्हणायला लागलो. चाल न लावता. आईला वाचून दाखवायचो तसं, एकेका शब्दावर थांबून.

"माननीय साहेबांचे सेवेशी. विषय, वस्तीतील नाला साफ करून मिळणेबाबत. आमच्या दारावरून नाला वाहतो. त्यास निळे, तांबडे व पिवळे पाणी येते. त्या पाण्यास वास आहे. मुलांचे अंगास खाज सुटते. पावसात पाणी उंबऱ्याचे आत येते. तरी साहेबांनी एकदा स्वतः येऊन बघावे आणि नाला साफ करून द्यावा."

मला वाटलं होतं मधेच विसरेन. एक अक्षर विसरलो नाही. कविता विसरलो, हा अर्ज नाही.

सुरुवातीला काही जण हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग हसणं थांबलं. बाई जवळ आल्या, माइककडे हात केला. मी माइक दुसऱ्या हातात घेतला. आणि शेवटी जे कधी लिहिलं नव्हतं ते म्हटलं.

"साहेब, आमचा अर्ज पोचला. नाला साफ झाला. फार चांगला झाला, मी रोज येऊन बघतो. त्याबद्दल आभारी आहोत. आता आम्ही राहायला परत कधी यायचं, तेवढं कळवावं. आमची आई सामान बांधून बसली होती."

माइक बंद केला त्यांनी. तेवढं बोलून झालं होतं.

मागून एक म्हातारी बाई पुढे आली. आपल्या ओळीतल्या टोकाच्या खोलीतली. ओळखलंस? ती, जिची शेळी तू नाल्यात रंगवली होतीस. दगडासमोर उभी राहून म्हणाली, "काही नव्हतं म्हणे! मेल्यांनो, माझं बाळंतपण झालं इथे." आणि निघून गेली. मंडळाची शाल मी खुर्चीवर ठेवून आलो.

पण दगड तिथेच आहे आणि माझी ओळही. म्हणून घरी येऊन खळ शिजवली. कणकेची, मोरचुदाची चिमूट टाकून, किडा लागू नये म्हणून. आईनं शिकवली तीच. अर्ज चांगल्या अक्षरात जाड कागदावर लिहिला आणि आज पहाटे दगडावर चिकटवून आलो, बरोबर पहिल्या ओळीवर. सकाळी पुन्हा गेलो तर बाई स्वतः बादली आणि ब्रश घेऊन दगड घासत होत्या. मन लावून, हिरड्या जपाव्यात तशा. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घासा बाई. मी उद्या परत येतो."

त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचं वय काय!"

मी म्हटलं, "अर्जाहून थोडंच जास्त."

उद्याचा कागद लिहून तयार आहे. टिबुकली आज कुठे वर आली ते बघायचं राहून गेलं.

तुझा दादा

*

५ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. हा मनापासूनचा.

शेळी मी निळी केली होती, ती नेहमी तांबडी म्हणायची. तिला सांग.

तुझी खळ पातळ असते, लहानपणापासून. पुस्तकाला चालते, दगडाला नाही. ब्रश लागला की सुटणारच. इथल्या निम्म्या कॉलरी माझ्या खळीवर ताठ उभ्या आहेत. डबा भरून आणते. बाईंना आता ब्रश नाही, पटाशी लागेल. लाँड्रीवर पाटी लावलीय: मालकीण घरी गेली आहे.

शुक्रवारच्या बसनं येतेय. स्टँडवर ये, आणि दुर्बीण घरीच ठेव. हात मोकळे हवेत. आईची दोरीही आणतेय. एक टोक तुझ्या बाकाला बांधू आणि दुसरं त्या दगडाला, घट्ट. मी बसमधून उतरल्यावर अंगावरचे कपडे धुणार आहे, ते तिथेच वाळतील.

पाणकावळ्याला आधीच सांगून ठेव. म्हणावं, जागा आमची आहे. राहा तू, पण जरा सरकून बस.

तुझी
मिरची